उंबऱ्यातला माणूस

1970च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या वस्तीत चार्ल्स बर्नेट नावाचा एक विद्यार्थी शनिवार-रविवारी 16 मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन शूटिंग करत असे. यूसीएलए विद्यापीठातल्या पदव्युत्तर पदवीसाठी त्याला चित्रपट सादर करायचा होता. खर्च दहा हजार डॉलरांच्या आतला, कलाकार बरेचसे वस्तीतलेच. कत्तलखान्यात राबणारा, झोप हरवलेला स्टॅन, त्याची बायको आणि एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारणारी पोरं. 1977 साली हा चित्रपट, ‘किलर ऑफ शीप’, विद्यापीठात दाखल झाला. 1981 मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. 1990 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचं नाव चढलं. थिएटरात मात्र तो लागला 2007 साली. अडचण संगीताची होती. डायना वॉशिंग्टन, पॉल रोबसन यांची गाणी त्याने मनापासून वापरली होती, पण त्यांच्या हक्कांचे पैसे विद्यार्थ्याच्या खिशात कुठून असणार? मधली तीस वर्षं हा चित्रपट झिजलेल्या 16 मिलिमीटर प्रतींवर, कधी एखाद्या महोत्सवात तर कधी एखाद्या वर्गात, जेमतेम श्वास घेत राहिला.

त्याला पुन्हा उभं केलं ते त्याच विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने. 16 मिलिमीटरवरून 35 मिलिमीटरची नवी प्रत तयार झाली, बहुतेक गाण्यांचे हक्क सोडवले गेले आणि चित्रपट लोकांपर्यंत गेला.

यंदाच्या अंकाची सुरुवात या दूरच्या गोष्टीने करतोय, कारण तिच्यातली पुढची पायरी आम्हाला फार मोलाची वाटते. बर्नेट एकटा नव्हता. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून यूसीएलएत शिकलेल्या ज्युली डॅश, हाइले गेरिमा, बिली वुडबेरी अशा कृष्णवर्णीय दिग्दर्शकांची एक पिढीच होती. तिला पुढे ‘एल.ए. रिबेलियन’ हे नाव पडलं. संग्रहालयातल्या लोकांनी आणि प्राध्यापकांनी मिळून या सगळ्यांचा माग काढला. घराघरांत पडलेल्या प्रती, निगेटिव्ह, कागदपत्रं मागवली. एकेका दिग्दर्शकाला समोर बसवून त्याच्या तोंडून इतिहास ध्वनिचित्रित केला. जीर्ण प्रती दुरुस्त केल्या. 2011 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवूडच्या बिली वाइल्डर थिएटरात हे चित्रपट जनतेसमोर आले, मग इतर शहरांत फिरले, आणि 2015 मध्ये त्यांवरचा अभ्यासग्रंथ निघाला. जतन, संशोधन आणि प्रदर्शन ही तीन टेबलांवरची तीन कामं राहिली नाहीत. अभ्यासकाला रीळ हवं होतं, आणि रिळाला अभ्यासक. डब्यावर नाव नसलेल्या चित्रपटात दिसणारी बाई कोण, ही गल्ली कुठली, हे सांगणारं कुणी नसेल तर तो चित्रपट हाताशी असूनही हरवलेलाच असतो.

अशा कामाला मध्ये बसणारा एक माणूस लागतो. यूसीएलएत संग्रहालयाचं अभ्यासकेंद्र पॉवेल ग्रंथालयात आहे. अभ्यासकाने आधी कळवायचं, वेळ ठरवायची, मग दूरच्या कोठारातून प्रत मागवली जाते आणि ती तिथे बसून विनामूल्य पाहता येते. ऐकायला सोपं वाटतं. पण कोठार सांभाळणाऱ्याची बाजूही खरी आहे. रीळ यंत्रातून एकदा फिरलं की त्याला ओरखडा पडण्याची भीती असते, आणि मूळ निगेटिव्हवर पडलेला ओरखडा त्यापासून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर उतरतो. म्हणून मूळ निगेटिव्ह थंड खोलीत, त्यावरून काढलेली प्रत दुसरीकडे, आणि बघायला द्यायची प्रत तिसरी. कुणाला यातलं काय द्यायचं, पीएचडीच्या विद्यार्थ्याला डीव्हीडीवर भागेल की रंग तपासायला खरी प्रिंटच लागेल, हे ठरवणाऱ्याला चित्रपटही कळावा लागतो आणि माणूसही.

शिवाय पसारा केवढा! हर्स्ट कंपनीने 1981 मध्ये या विद्यापीठाला आपल्या जुन्या बातमीपटांचा साठा दिला, तो सुमारे 2 कोटी 70 लाख फूट. 35 मिलिमीटरचं रीळ मिनिटाला 90 फूट पुढे सरकतं. म्हणजे न झोपता, न जेवता पाहत बसलं तरी दोनशेहून अधिक दिवस. यात नेमका हवा तो दीड मिनिटाचा तुकडा शोधून देणारी नोंद कुणीतरी हाताने केलेली असते, तेव्हाच दार उघडं आहे असं म्हणता येतं.

आणि असा माणूस आपल्याकडे होता. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य त्यात ओतलं. तोवर बरंच काही गेलं होतं. आपल्याकडे तेराशेवर मूकपट निघाले, पूर्ण अवस्थेत उरलेले बोटांवर मोजावेत इतके. पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर कुठेच नाही. जुनी रिळं धुऊन त्यातली चांदी काढून विकली गेली. नायर नाशिकला फाळके कुटुंबाकडे गेले, मिळतील ते तुकडे गोळा केले. 1919च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आज आपल्याला पाण्यात उडी घेताना दिसते, ती अशा धडपडीमुळे. चांगला चित्रपट ठेवू, वाईट टाकू, असा भेद त्यांनी केला नाही. उद्याच्या अभ्यासकाला काय लागेल हे आज आपण ठरवू नये, अशी त्यांची धारणा होती.

पण नायरांचं मोठेपण नुसत्या साठवण्यात नव्हतं. अंधाऱ्या सभागृहात छोट्या विजेरीच्या उजेडात टिपणं काढत ते चित्रपट पाहायचे आणि मग ते इतरांना दाखवायचे. फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं, पुण्याच्या चित्रपट रसास्वाद शिबिराला देशभरातून येणारे शिक्षक, कारकून, कवी, आणि कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या गावातले सुपारीचे बागायतदार. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम्’ संस्थेमार्फत शेतकऱ्यांनी ‘पथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिले. संग्रहालयातली प्रिंट त्या गावापर्यंत न्यायची म्हणजे जोखीम होती. नायरांनी ती घेतली.

जोखीम नसलेली जागा तशीही नसते. 2003च्या जानेवारीत पुण्यात सहज पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेटच्या रिळांना आग लागली आणि कुलूपबंद ठेवलेलं कितीतरी काही त्यात गेलं. नायट्रेट पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं. जे आधी दुसऱ्या रिळावर उतरवलं होतं, तेवढंच वाचलं.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या मराठी चित्रपटाच्या अभ्यासासाठी मी एका संस्थेकडे प्रत पाहण्याची परवानगी मागितली होती. तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, नोंदवहीत नाव आहे, डबा सापडत नाही. ज्यांना ठाऊक होतं ते निवृत्त झाले. मला त्या उत्तराचा राग आला नाही, पोटात खड्डा पडला. चित्रपट आगीत गेला नव्हता, वाळवीने खाल्ला नव्हता. तो एका माणसाबरोबर सेवानिवृत्त झाला होता.

म्हणून या अंकातून आमचं एक मागणं आहे, आणि ते आपल्या विद्यापीठांकडे आहे. मुंबईपासून नागपूरपर्यंत वृत्तविद्या आणि माध्यमांचे विभाग आहेत, मुलं दरवर्षी लघुपट करतात. गावचा तमाशा, गिरणी बंद पडलेली चाळ, दुष्काळात टँकरपुढची रांग हे सगळं त्यांनी टिपलंय. ते आज कुठे आहे? बहुधा न चालणाऱ्या डीव्हीडीवर, नाहीतर कुणाच्या तरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर. बर्नेटचा चित्रपटही असाच एका विद्यार्थ्याचा गृहपाठ होता. मोठी इमारत नंतर होईल. आधी एक टेबल मांडा, त्यावर एक नोंदवही ठेवा, आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेला, कायम पगारावरचा एक माणूस बसवा. तो विद्यार्थ्यांकडून प्रती मागून घेईल, कोण कुठे राहतं हे लिहून ठेवेल, अभ्यासकाला खुर्ची देईल आणि महिन्यातून एकदा गावातल्या लोकांना बोलावून पडद्यावर काहीतरी दाखवेल. ते लोक अंधारात ओरडतील, अरे, ही तर आपली आळी! ते ओरडणंही त्याने लिहून ठेवावं.

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्या माळ्यावर एखादा पत्र्याचा गोल डबा निघाला, तर भंगारवाल्याला देऊ नका. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर आतलं रीळ कुजायला लागलं आहे. ते ओढून उलगडू नका, थंड, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा. रीळ 35 मिलिमीटरचं आणि 1950च्या दशकाच्या सुरुवातीचं किंवा त्याआधीचं असेल, तर ते नायट्रेटचं असू शकतं; पणतीपासून, देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून दूरच ठेवा. डब्यावर चिकटवलेल्या कागदावरची अक्षरं पुसट असली तरी जशी दिसतील तशी उतरवून घ्या, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून खाली नावं लिहा, आणि आम्हाला पत्र टाका.