प्रयोगशाळा गेटापलीकडेच आहे

‘जंगलातल्या गावांत प्रयोगशाळा नाहीत, मग मुलं विज्ञानाकडे वळणार कशी?’ हे पत्र वाचलं. प्रश्न खरा, पण मोहर्लीच्या गेटापलीकडे ताडोबा व्याघ्र प्रकल्प आहे, हे पत्रलेखक विसरले. तिथे वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, समोरासमोर जोडीनं का लावतात? वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात म्हणून. कॅमेरा जागा होतो तो हलत्या अंगाच्या उष्णतेनं. म्हणजे जीवशास्त्र आलं, भौतिकशास्त्र आलं. न टिपलेल्या वाघांचा अंदाज बांधायला संख्याशास्त्रही. उणीव आहे ती सांगणाऱ्याची. गाइड नि जिप्सीचालक होण्यापलीकडे, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. करता येते, हे दहावीतल्या मुलीला सांगतं कोण? (मलाही ते एका पर्यटकाकडून कळलं.)

— एक वाचक, मोहर्ली