बापाचं कार्ड

घाटकोपरच्या आमच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत बापाचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड अजून आहे. रिन्यू करून करून फाटलं. कॉल एकदाच आला, नोकरी नाही.

१९५९ चा कायदा बघा. २५ किंवा जास्त माणसांच्या खाजगी कंपनीनं रिकामी जागा कळवावी लागायची. माणूस एक्स्चेंजचाच घ्यायची सक्ती नव्हती. कळवा, आणि साहेबाच्या भाच्याला चिकटवा! वर हापिसातले शिपाई, वॉचमन, झाडूवाले या जागा कळवाव्याही लागायच्या नाहीत. आमच्या वाट्याला येणाऱ्या नेमक्या त्याच!

१९७७ ची रोजगार हमी खेड्यापुरती. २०२० च्या संहितेत एक्स्चेंजचं करिअर सेंटर झालं, आकडा २० वर आला. घेण्याची सक्ती नाहीच.

कळवणं पुरे. भरती तिथूनच करा, खाजगीतही राखीव जागा ठेवा.

मी मोबाइलवर नाव नोंदवलंय. बाप विचारतो, "कॉल आला काय रं?"