भगंदराचा तुकडा बादलीत टाकू नका

बोर्ली, माणगाव, मुंबई आणि परत बोर्ली. भगंदराच्या तीन ऑपरेशनांनंतर एक खलाशी माझ्यासमोर आला. "डॉक्टर, होडीवर बसवत नाही," म्हणाला. जाडजूड फाईल चाळली. एमआरआय होता, रक्ताचे ढीगभर रिपोर्ट होते. बायोप्सीचा एकही कागद नव्हता. तीन वेळा कापलेला भाग तिन्ही वेळा बादलीत! चौथ्या वेळी तो तपासायला पाठवला. निघाला क्षयरोग.

बहुतेक भगंदर साधेच असतात, हे आधी सांगतो. गुदद्वारातली बारीक ग्रंथी तुंबते, आतड्यातले नेहमीचे जंतू गळू करतात, ते फुटून वाट पडते. नीट ऑपरेशन किंवा क्षारसूत्र झाले की बहुतेक जण बरे होतात. प्रश्न आहे पुन्हा पुन्हा वाहणाऱ्यांचा. त्यांना आपण काय सांगतो? "तिखट खाल्लं असेल." अहो, क्षयाचा जंतू सुरीने मरत नाही, धाग्यानेही नाही. त्याला किमान सहा महिने औषधे लागतात. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी तो इथे असू शकतो. त्याहून विरळा ॲक्टिनोमायकोसिस. त्यात पुवात कधी पिवळसर कण दिसतात आणि पेनिसिलिन गटाचे औषध कित्येक महिने द्यावे लागते. पाच दिवसांच्या कोर्सने तो नुसता दबतो.

माझ्या व्यवसायबंधूंना हे कडू लागेल (तरुणपणी मीही हेच केले आहे). पू दिसला की लिहिले ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल! ऑफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही अर्धवट चालते. रुग्णाला चार दिवस बरे वाटते, निदान मात्र लांबते.

"तपासणीचा खर्च कोण करणार?" हे तर सांगूच नका. क्षयाची सीबीनॅट तपासणी आणि औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. यंत्राला निकाल द्यायला दोनेक तास लागतात. फक्त तुकड्याचे दोन भाग करा: एक बायोप्सीसाठी फॉर्मेलिनमध्ये, दुसरा सीबीनॅट आणि कल्चरसाठी साध्या सलाईनमध्ये. सगळाच फॉर्मेलिनमध्ये बुडवलात तर जंतू मेले, कल्चरमध्ये उगवणार काय?

रुग्णांनीही ऑपरेशनच्या आधीच विचारावे, "माझा तुकडा तपासायला जाणार ना?" रिपोर्ट हातात घ्यावा. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाहीच, असे धरू नये. बायोप्सी आणि कल्चरची वाट पाहावी. कल्चरला सहा-आठ आठवडे लागू शकतात. भगंदर तीन वर्षे वाहत होता, तेवढे थांबता येते.