आधी उजेड, मग माशी

परवा एका मित्राचा फोन आला. टेक्सासमध्ये नवीन घर, नवीन पिस्तूल, आणि आता त्याला रात्री दिसतील अशा साइट्स बसवायच्या आहेत. "ट्रिटियम घेऊ की रेड डॉट? आणि लेझर कसं?" मी म्हटलं, "आधी एक चांगला टॉर्च घे." साहेब हिरमुसले. म्हणून हे जरा सविस्तर. (भारतातल्या मंडळींनो, आणि विशेषतः मामा, पिस्तूल घरात असावं की नसावं यावर आपलं भांडून झालंय. ते पुन्हा नको!)

तर झालं असं. गेल्या डिसेंबरात आई सांगलीहून आमच्याकडे आली. तिसऱ्या रात्री साडेतीनला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. मी तिजोरीतून पिस्तूल काढलं आणि पॅसेजच्या टोकाशी येऊन समोर रोखलं. अंधारात साइट्सचे तीन हिरवे ठिपके काय सुरेख चमकत होते! आणि त्यांच्या पलीकडे, ओट्याशी, एक काळी आकृती.

गोळी कुठे जाईल ते ठिपके चोख सांगत होते. कुणाला लागेल, ते सांगत नव्हते.

"कोण आहे?" मी ओरडलो.

"अरे मीच. चहाची पूड शोधतेय. तुमची झोपमोड नको म्हणून दिवा नाही लावला."

इथले पहाटेचे साडेतीन म्हणजे सांगलीतले दुपारचे तीन. चहाचीच वेळ. बोट चापाबाहेर होतं, एवढंच काय ते नशीब. मी पिस्तूल पाठीमागे लपवलं आणि परत जाऊन ठेवलं. हात मात्र सकाळपर्यंत थरथरत होते. आईला हे आज, इथेच वाचून कळेल.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ट्रिटियम वाईट नाही. बॅटरी लागत नाही, आपोआप चमकतं. साधारण सव्वाबारा वर्षांत त्याचं तेज निम्म्यावर येतं, म्हणजे पिस्तूल जुनं विकत घेतलं तर तेवढं बघून घ्यावं. पण ते आपली माशी दाखवतं, समोरचा माणूस नाही. लेझरचंही तेच. रेड डॉट नेम धरायला खरंच सोपा, पण बॅटरी सांभाळा, आणि पिस्तूल वर आणताच ठिपका सापडावा इतका सराव करा. घरातलं अंतर असतं पाच-सहा मीटर. तिथे अडचण नेमाची कमी आणि ओळखीची जास्त असते.

मग पिस्तुलाच्या नळीखाली बसणारा दिवा? त्याचा फायदा मोठा आहे: दुसरा हात मोकळा राहतो, दार उघडायला, फोन धरायला, पोराला मागे ओढायला. पण नुसत्या त्याच्यावर विसंबलात तर बघायचं म्हणजे रोखायचं असं होऊन बसतं. आणि ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही, हा तर पहिल्या दिवशी शिकवलेला नियम! दिवा बसवलाच असेल तर नळी जमिनीकडे ठेवून लावून बघा. पाचशे ल्युमेनचा झोत फरशीवरून उसळून अख्खी खोली उजळतो, आणि चेहरा ओळखायला तेवढं पुरतं. पांढऱ्या भिंतीवर जवळून मारलात तर मात्र स्वतःचेच डोळे दिपतील. शिवाय दिवा लावलेलं पिस्तूल जुन्या होल्स्टरमध्ये बसत नाही, तो खर्च वेगळा.

माझा क्रम विचाराल तर असा: आधी पॅसेजमध्ये चाहूल लागताच पेटणारा साधा दिवा. मग उशाशी हातातला टॉर्च. मग आवाज, म्हणजे "कोण आहे?" हे दोन शब्द. ते फुकट आहेत आणि त्यांना बॅटरी लागत नाही. त्यानंतर पिस्तुलावरचा दिवा. आणि सगळ्यात शेवटी साइट्स. दुकानात हा क्रम नेमका उलटा सांगतात, कारण साइट्स महाग असतात.

कुणी म्हणेल, दिवा लावला की चोराला आपण कुठे आहोत ते कळतं. कळू दे की! तो पळाला तर मला हवंच आहे.

असो. पॅसेजमधला दिवा आता बसवलाय. मित्राने काय घेतलं ते अजून कळवलं नाही.

आणि आई, पुढच्या वेळी आलीस की स्वयंपाकघरातला दिवा लाव. झोपमोड झाली तर होऊ दे.