टाको आणि मुरघास

मोठ्या शहरांतल्या तारांकित हॉटेलांत ‘जगभरचं रस्त्यावरचं खाणं’ अशा महोत्सवांची चलती आहे: गार हवा, उंच टोपीचा शेफ, इवल्या बशीत मेक्सिकोचा टाको, शेजारी लेबनॉनचा फलाफल. सगळं आहे, फक्त रस्ता तेवढा नाही! पुणतांबा गावच्या शेतकऱ्याला त्या टाकोतलं निम्मं सामान ओळखीचं वाटेल. पोळी मक्याची, आणि मका तर या भागात कुट्टी करून, दाबून मुरघास म्हणून दुभत्या गाईंपुढे जातो. मेक्सिकोत तो आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. साल सुटते, पीठ नीट मळता येतं आणि दाण्यातलं नियासिन अंगी लागतं. युरोपनं मका नेला, चुना मात्र तिकडेच राहिला, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नियासिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा रोगानं गाठलं. टोमॅटो-मिरचीही मूळची अमेरिका खंडांतलीच. हा सगळा माल हॉटेलाच्या मुदपाकखान्यात कुठून येतो, हे शहरांना 1 जून 2017 रोजी समजलं असेल. पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानं तेव्हा दूध-भाजीपाला अडवला होता. टाको इकडे आला, तर उलट दिशेचा प्रवास आपल्या वडापावनं केला. मुंबईत एकत्र शिकलेल्या दोन मित्रांनी 2010 मध्ये लंडनच्या हाउन्स्लो भागात ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू केलं. तिथल्या गोऱ्या गिऱ्हाइकाच्या लेखी परदेशी खाणं ते हेच, मग बटाटा दक्षिण अमेरिकेचा का असेना आणि पाव पोर्तुगिजांनी का आणलेला असेना.