राजकोटचं शिक्षण कोल्हापुरात चाललं होतं

परवा एका सभागृहात एका निवृत्त गुरुवर्यांनी झकास टाळ्या घेतल्या. विषय होता श्रेयांकांचा, म्हणजे पोरं ज्याला क्रेडिट म्हणतात त्याचा. त्यांचं म्हणणं असं: पदवी आमची, शिक्का आमचा, मग शिकवणारा परका कशाला? बाहेर केलेला कोर्स, बाहेर दिलेली परीक्षा आमच्या गुणपत्रिकेत घुसली की दर्जा संपला. आणि शेवटी कोल्हापुरात कधीच वाया न जाणारं वाक्य, "पैलवान एकाच तालमीत घडतो!"

टाळ्या मीही वाजवल्या. राग घरी आल्यावर आला.

तालमीचा दाखला द्यायचा तर नीट द्यावा. शाहू महाराजांच्या आश्रयाला उत्तरेकडचे मल्ल आले, ते तिकडच्या मातीतले डाव घेऊनच आले. १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात उतरणाऱ्याला 'हा डाव कुठल्या वस्तादाकडनं शिकलास, त्याचं प्रमाणपत्र आण' असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. पाठ टेकली की कुस्ती झाली.

आणि खुद्द महाराज? शिकले आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग धारवाडला. कारभार हाती घेतला कोल्हापुरात, २ एप्रिल १८९४ रोजी. गुरुवर्यांचा नियम तेव्हा असता तर कुणा कारकुनाने शेरा मारला असता, 'राजकोटचा विषय आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाही, पहिल्यापासून बसावे.' आपलं राजाराम कॉलेज १८८०चं. ते आधी मुंबई विद्यापीठाचं होतं, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं तेव्हा तिकडे गेलं, १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाचं. कॉलेज एकच, शिक्के तीन. यातलं बाहेरचं कुठलं, ते गुरुवर्यांनीच सांगावं.

आता तो दर्जा. हा शब्द ऐकला की मी खिसा चाचपतो. आपल्याकडे दर्जा म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं गाईड, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि 'सर, हे इम्पॉर्टंट आहे का?' उलट माझ्या भाचीने एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर संख्याशास्त्राचा कोर्स केला. बारा आठवडे, दर आठवड्याला असाइनमेंट, शेवटी केंद्रावर ओळखपत्र दाखवून परीक्षा. पंचवीस गुण असाइनमेंटचे, पंचाहत्तर परीक्षेचे. असाइनमेंटची उत्तरं पोरं ग्रुपवर एकमेकांना पाठवतात, हे मला ठाऊक आहे. ती चोरी पंचविसातली. आपल्याकडे जर्नल कोण कुणाचं उतरवतं, ते मी कशाला सांगू?

ते प्रमाणपत्र घेऊन आम्ही तिच्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटासुलटा केला. त्यावर क्यूआर कोड होता. मोबाईल धरला की मूळ नोंद समोर येते. बाई म्हणाल्या, "झेरॉक्सवर सत्यप्रतीचा शिक्का पाहिजे." तो आणला. मग म्हणाल्या, "तुमच्यात नुसतं संख्याशास्त्र आहे, आमच्यात उपयोजित संख्याशास्त्र आहे." भाची म्हणाली, "मॅडम, आतले धडे बघा की. तेच आहेत." "धडे आम्ही बघत न्हाई, नाव बघतो." मग बघतं कोण, याचं उत्तर त्या खिडकीत नव्हतं, शेजारच्या खिडकीतही नव्हतं. तिथल्या एका प्राध्यापकांनी तो कागद दोन मिनिटं जरी वाचला असता, तरी मी हा लेख लिहिला नसता.

सगळी पदवीच मोबाईलवर होईल, ही दुसरी भीती. नियम वाचावेत. स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्सना २०१६ मध्ये सत्रामागे वीस टक्क्यांची मर्यादा होती, २०२१ मध्ये ती चाळीस झाली. विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या श्रेयांक बँकेच्या नियमांतही निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावे लागतात. तिसरी भीती शिक्षकांचा वर्कलोड घटण्याची. ही एकच खरी आहे, पण व्यासपीठावर तिचं नाव दर्जा असतं.

आतल्या-बाहेरच्याचं हे भांडण नवं नाही. आमच्या तरुणपणी 'बहिःस्थ' हा शब्द शिवीसारखा वापरत. दिवसा नोकरी करून रात्री वाचणाऱ्या माणसाला रेग्युलरवाले नाकं मुरडायचे. माझे एक काका असेच बी.ए. झाले. लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे 'बी.ए.' छापलं, तर एका पाहुण्याने मांडवातच विचारलं, "बाहेरनं का आतनं?" काका म्हणाले, "जेवायला आतनं या." असो.

मग करायचं काय? माझी मागणी फार मोठी नाही. सत्र सुरू होण्याआधी कॉलेजने यादी लावावी: बाहेरचे हे कोर्स आम्ही धरू, हे धरणार नाही. यादीत नसलेला कोर्स आला तर त्या विषयाच्या शिक्षकाने अभ्यासक्रम शेजारी ठेवून तो वाचावा आणि पंधरा दिवसांत लेखी कळवावं. नाकारलं तर कारण द्यावं, आणि 'नाव जुळत नाही' हे कारण धरू नये. निपाणीहून, चंदगडहून, गारगोटीहून येणाऱ्या पोरांची एक एसटी चुकली की दिवस जातो. त्यांना चार खेपा घालायला लावून मग नाही म्हणणं, यात दर्जा कुठला राखला जातो, मला कळत नाही. एवढ्याने शिक्षणात क्रांती होईल असं मी म्हणत नाही. एका खिडकीतली रांग कमी होईल.

भाची या महिन्यात त्याच विषयाच्या पेपरला बसते आहे, उपयोजितसह. तिच्या वर्गातली दोन पोरं रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात, तिच्याकडून प्रमाण विचलन समजावून घ्यायला. "मामा, जरा चहा टाका की," एवढंच माझ्याकडे काम असतं.