विश्लेषण : फुटबॉलपटूला घरचे ‘आधी नोकरी’ का सांगतात?

परळ-लालबागच्या घरात मुलगा क्लबच्या कराराची बातमी आणतो आणि विषय निघतो रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या नोकरीचा. ‘आमचा तरी विचार कर’ हे मग ठरलेलेच. याला घरच्यांचा विरोध म्हणून मोकळे होता येते. पण त्यांचा हिशेब चुकीचा आहे का?

मुंबईतच पाहा. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला, पुढे गुंडाळलाच गेला. जुलै २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगच लांबणीवर पडली, कारण महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. (१९८२ चा गिरणी संप पाहिलेल्या आजोबांना यातले काही नवे नाही.)

तरीही ही भीती ‘तू स्वार्थी आहेस’ अशा शब्दांत विशीतल्या मुलावर लादणे अन्यायाचेच. खेळायची वर्षे जेमतेम दहा-बारा. भांडायचे तर ते महासंघाशी आणि क्लबांशी : लीग थांबली तरी पगार चालू राहील, अशी हमी करारात का नाही?